नख, बोट आणि काच: टचस्क्रीन फोनच्या पहिल्या चढाओढीचा आढावा

२००९ साल उजाडलं तेव्हा भारतातल्या गिऱ्हाइकापुढे टचस्क्रीनचे दोन ठळक पर्याय होते. एक ॲपलचा आयफोन थ्री-जी. २२ ऑगस्ट २००८ रोजी तो एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत इथे विक्रीला आला. आठ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये. दुसरा नोकियाचा ५८०० एक्स्प्रेसम्युझिक, वीस हजारांच्या आसपास. दोघांच्या सोयी कागदावर समोरासमोर मांडल्या तर स्वस्त फोनचंच पारडं जड भरत होतं.

नोकियाच्या पडद्यावर ६४० गुणिले ३६० ठिपके, आयफोनच्या ४८० गुणिले ३२०, म्हणजे नोकियाकडे बरोबर दीडपट. नोकियाचा कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, फ्लॅशसकट. आयफोनचा दोन मेगापिक्सेलचा आणि फ्लॅश नाही. नोकियावर व्हिडिओ काढता येई, एफएम रेडिओ ऐकता येई, मेमरी कार्ड घालता येई, ब्लूटूथने मित्राला गाणं देता येई आणि बॅटरी संपली तर मागचं झाकण काढून दुसरी टाकता येई. आयफोनवर यातलं काहीही होत नसे. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोयसुद्धा त्यात नव्हती; ती जून २००९ मध्ये, सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली. आणि नावातल्या थ्री-जीचा इथल्या गिऱ्हाइकाला उपयोग तरी काय? एमटीएनएलची थ्री-जी सेवा दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली, मुंबईत पुढच्या वर्षी. खासगी कंपन्यांसाठी लिलावच मुळी २०१० मध्ये झाला.

इतकं सगळं विरुद्ध असताना आयफोन हातात घेऊन नावांच्या यादीवरून एकदा बोट फिरवलं की माणूस घुटमळायचा. यादी बोटाला चिकटल्यासारखी सरकायची, झटका दिला तर वेगाने धावून हळूहळू थांबायची, टोकाला पोचली की किंचित ताणली जाऊन मागे यायची. सोयींच्या कुठल्याच तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता. २००७ ते २०१२ या काळातल्या टचस्क्रीन फोनांची तुलना करताना अडचण येते ती इथेच. मोजता येण्याजोग्या बाबतीत जे फोन पुढे होते ते बहुतेक हरले. पण म्हणून त्यांची बाजू पोकळ होती असं मुळीच नाही.

आधी पडद्याबद्दल. त्या वेळच्या टचस्क्रीनचे दोन मुख्य प्रकार, रेझिस्टिव्ह आणि कपॅसिटिव्ह. रेझिस्टिव्ह पडद्यात दोन पारदर्शक थर असतात, मधे अगदी बारीक फट, आणि दोन्ही थरांना आतून वीजवाहक लेप. वरचा थर दाबला की तो खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते फोनला समजतं. त्याला दाब हवा, मग तो कशाचाही चालतो: नख, पेनाचं टोपण, हातमोजा घातलेलं बोट. नोकिया ५८०० च्या खोक्यात तर स्टायलसबरोबर गिटार वाजवण्याच्या नखीसारखा एक प्लास्टिकचा तुकडाही मिळत असे. हा पडदा स्वस्त, बारीक खुणेवर नेमकं टेकवायला चांगला, आणि पावसात थेंब पडले तरी त्याला फारसा फरक पडत नाही. पण वरचा थर प्लास्टिकचा, त्यामुळे ओरखडे उठतात आणि उन्हात चित्र फिकट दिसतं. शिवाय सरकवण्याच्या क्रियेत दाब सारखा राहत नाही. बोट मधेच हलकं पडलं की सरकणं तुटतं आणि फोन त्याला टिचकी समजून भलतंच काही उघडतो.

कपॅसिटिव्ह पडदा काचेचा. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडची न दिसणारी जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार बदलतो. दाबावं लागत नाही, स्पर्श पुरतो, आणि एकाच वेळी दोन बोटांची जागा ओळखता येत असल्याने चिमटीने फोटो लहानमोठा करता येतो. उणिवाही तितक्याच खऱ्या. बोट ओलं असलं की पडदा गोंधळतो, नखाला दाद देत नाही आणि साध्या हातमोज्यातल्या बोटाला तर ओळखतच नाही. दक्षिण कोरियात २०१० च्या कडाक्याच्या थंडीत लोक हातमोजे न काढता फोन चालवण्यासाठी पाकिटातले छोटे सॉसेज वापरू लागल्याच्या बातम्या आल्या होत्या.

चांगला पडदा बसवला म्हणजे काम झालं, असंही नव्हतं. एलजीने प्राडा या फॅशन घराण्याबरोबर केलेला फोन डिसेंबर २००६ मध्ये जाहीर झाला, म्हणजे आयफोनच्या आधी, आणि त्याचा पडदा कपॅसिटिव्हच होता. दिसायला देखणा. पण त्यात वायफाय नव्हतं, थ्री-जी नव्हतं, आणि मेनू मुळात साध्या फोनचेच, फक्त आता बटणांऐवजी काचेवर. लोकांनी तो घेतला, दहा लाखांहून जास्त खपला, आणि मागे काही न ठेवता गेला.

ॲपलचं वेगळेपण पडद्याच्या मागे होतं. बहुस्पर्शाचं तंत्र विकसित करणारी फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी तिने २००५ मध्येच विकत घेतली होती. आयफोनचा कीबोर्ड जवळून पाहिला तर त्या कामाची खोली कळते. काचेवरची अक्षरं एवढी लहान, की बोटाखाली एका वेळी दोन-तीन तरी येतात. म्हणून शब्द टाइप होत असताना पुढे कुठलं अक्षर येण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज फोन बांधे आणि त्या अक्षराची स्पर्शाची जागा गुपचूप मोठी करी. डोळ्यांना सगळी बटणं सारखीच दिसत. चुकून शेजारी पडलेलं बोटही त्यामुळे बरोबर अक्षर उमटवे. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी जानेवारी २००७ मध्ये, बटणांचा कीबोर्ड नाही म्हणून हा फोन कामधंद्याच्या माणसांना रुचणार नाही, असं मत दिलं होतं. त्या घडीला ते चुकीचं नव्हतं. पहिल्या आयफोनवर लांब ईमेल लिहिणं ब्लॅकबेरीपेक्षा खरोखरच त्रासाचं होतं.

ब्लॅकबेरीने यावर काढलेला तोडगा हा या सगळ्या काळातला सर्वांत धाडसी आणि सर्वांत फसलेला प्रयोग म्हणावा लागेल. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत व्हेरायझनने आणलेल्या ब्लॅकबेरी स्टॉर्मची काच दाबली की ती बटणासारखी खाली जायची आणि टक् असा आवाज यायचा. कल्पना सुंदर: स्पर्शाने निवडा, दाबून पक्कं करा. अडचण अशी, की पूर्ण काचेखाली बटण एकच. ब्लॅकबेरीवर दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहिणाऱ्याची सवय काय? डावा अंगठा वर येण्याआधी उजवा खाली. स्टॉर्मवर पहिला अंगठा उचलून काच वर येईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागे. कंपनीची ताकद ज्या वेगवान टायपिंगमध्ये होती, त्यालाच हा पडदा आडवा आला. त्यात वायफाय नव्हतं आणि सॉफ्टवेअर घाईने बाहेर काढलेलं होतं. परत आलेल्या आणि बदलून द्याव्या लागलेल्या फोनांचं प्रमाण प्रचंड होतं. पुढच्या वर्षीच्या स्टॉर्म टू मध्ये काचेची रचना बदलून हा दोष बराच कमी केला, पण तोवर गिऱ्हाईक दुरावलेलं होतं.

नोकियाची गोष्ट जास्त चुटपुट लावणारी आहे. २००७ साली जगातल्या स्मार्टफोनच्या बाजारात जवळजवळ निम्मा वाटा तिचा होता. टचस्क्रीनही तिला नवी नव्हती. ७७१० नावाचा स्टायलसचा फोन तिने २००४ मध्येच जाहीर केला होता. चूक झाली ती सिम्बियन या आपल्या जुन्या कार्यप्रणालीवर स्पर्शाचा थर चढवण्यात. ५८०० च्या मुख्य मेनूत चौकोनी चिन्हांना एकदा टिचकी मारली की ती उघडत. पण याद्यांमध्ये पहिल्या टिचकीला ओळ फक्त निवडली जाई आणि दुसऱ्या टिचकीला उघडे. बटणांच्या फोनवर आधी बाणाने ओळीवर जायचं आणि मग मधलं बटण दाबायचं, ही पद्धत काचेवर तशीच उतरली होती. कुठे एकदा आणि कुठे दोनदा, हे वापरणाऱ्याने लक्षात ठेवायचं. तरीही ५८०० लाखोंनी खपला, आणि ते योग्यच होतं: त्या किमतीत एवढ्या सोयी दुसरं कुणी देत नव्हतं, आणि त्याची बॅटरीही आयफोनपेक्षा निवांत चाले.

खरी निराशा केली ती जून २००९ च्या एन ९७ ने. सरकता कीबोर्ड, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, ३२ जीबी साठवण. पण काम करायची मेमरी अवघी १२८ एमबी, आणि ॲप जिथे बसतात त्या मुख्य भागात मोकळी जागा इतकी तोकडी, की ३२ जीबीचा फोन ‘मेमरी भरली’ अशी तक्रार करायचा. नोकियाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही पुढे या फोनचा अनुभव निराशाजनक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. २०१० च्या एन ८ मध्ये पडदा कपॅसिटिव्ह झाला, बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि झेनॉन फ्लॅश आला, फोन एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडता येऊ लागला. त्या कॅमेऱ्याशी तेव्हा बरोबरी करणारा फोन शोधून सापडला नसता. आणि याच फोनवर उभ्या पडद्यात संदेश लिहायला घेतला तर समोर यायचा तो जुना १ ते ९ आकड्यांचा कीपॅड, एकेका आकड्यावर तीन-तीन अक्षरं. पूर्ण कीबोर्ड हवा असेल तर फोन आडवा धरायचा. उभ्या पडद्यातला कीबोर्ड २०११ च्या सुधारणेत आला. एवढा उत्तम कॅमेरा घडवणाऱ्या कंपनीला ही गोष्ट आधी सुचू नये, याचं वाईट वाटतं.

विंडोज मोबाइलच्या फोनांची गत थोडक्यात सांगता येईल. स्टायलसच्या टोकासाठी आखलेले बारीक मेनू, कोपऱ्यात फुली, आणि त्यावर एचटीसीने चढवलेलं देखणं आवरण. आवरणाच्या दोन पायऱ्या खाली गेलं की तेच जुने मेनू. २००९ च्या अखेरीस आलेला एचटीसी एचडी टू हा मात्र यंत्र म्हणून काळाच्या पुढे होता: ४.३ इंचांचा कपॅसिटिव्ह पडदा आणि एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. हौशी लोक पुढे बरीच वर्षं त्यावर अँड्रॉइडपासून विंडोज फोनपर्यंत काय काय चढवत राहिले.

अँड्रॉइडचा पहिला फोन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेला टी-मोबाइल जी वन, दिसायला ओबडधोबड होता. सरकता कीबोर्ड, खाली बारीक ट्रॅकबॉल, आणि कानात घालायच्या साध्या हेडफोनला भोकच नाही. काचेवरचा कीबोर्डसुद्धा त्यात सुरुवातीला नव्हता. तो एप्रिल २००९ च्या आवृत्तीत आला. पण वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की पडद्यासारखी उतरणारी सूचनांची यादी त्यात पहिल्या दिवसापासून होती. आयफोनवर तेव्हा प्रत्येक सूचना चालू कामाच्या मधोमध चौकट बनून उभी राही. ही ओढायची यादी ॲपलने २०११ मध्ये आपलीशी केली.

पामचा प्री हा त्या काळातला सर्वांत सुजाणपणे विचार केलेला फोन होता, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. जून २००९ मध्ये तो आला. चालू असलेलं प्रत्येक ॲप एक पत्ता. बोटाने पत्ते सरकवायचे, नको तो वर भिरकावायचा की बंद. पडद्याखालच्या पट्टीवर बोट फिरवून मागे जायचं. फोन नुसता एका चकतीवर ठेवला की चार्ज होई. दुबळेपणा होता तो शरीरात: कीबोर्ड चिमुकला, सरकणारा भाग डुगडुगणारा, ॲप मोजकी, आणि सुरुवातीला विकणारी कंपनी एकच, स्प्रिंट. एचपीने २०१० मध्ये १२० कोटी डॉलरला पाम विकत घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये सगळं गुंडाळलं. पत्त्यांची ती कल्पना घडवणाऱ्यांपैकी माटियास डुआर्टे तोवर गूगलमध्ये गेले होते. आज अँड्रॉइड काय आणि आयफोन काय, चालू ॲप पत्त्यांसारखीच सरकवली आणि भिरकावली जातात.

असंच नोकियाच्या एन ९ चं. २०११ च्या या फोनच्या तोंडावर एकही बटण नव्हतं. कडेवरून बोट आत आणलं की ॲप बाजूला होई. पण त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली होती, त्यामुळे एन ९ ला बाजारात उतरतानाच घरचा आधार उरला नव्हता. होमचं बटण काढून कडेवरून बोट सरकवण्याची रीत आयफोनवर २०१७ मध्ये आली.

२०१० च्या मध्यावर चढाओढीचं रूप पालटलं. आयफोन फोरचा पडदा ९६० गुणिले ६४० ठिपक्यांचा, इंचाला ३२६. अक्षरं छापील पुस्तकासारखी. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस चा पडदा चार इंचांचा, सुपर अमोलेड, ज्यात काळा रंग खरोखर काळा दिसे आणि बाकीचे रंग जरा जास्तच भडक. आयफोन फोरमध्ये धातूची कडच अँटेना होती, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात हात बसला की रेंज जाई. ॲपलला जुलैमध्ये पत्रकार परिषद घेऊन सगळ्यांना फुकट कव्हर द्यावं लागलं. गॅलेक्सीचा दोष उशिरा उघडा पडला. डिसेंबर २०११ मध्ये सॅमसंगने सांगितलं, की या फोनला अँड्रॉइडची चौथी आवृत्ती मिळणार नाही, कारण कंपनीचं स्वतःचं आवरण धरून ती मेमरीत मावत नाही. फोनचं वय तेव्हा दीड वर्ष. उलट २००९ च्या आयफोन थ्री-जीएस ला २०१२ ची सहावी आवृत्तीही मिळाली. गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांचा हिशेब करायचा तर हा मुद्दा मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि त्या काळच्या तुलनेत त्याला जवळपास जागाच नसे. ॲपल आणि सॅमसंगमधला रचनेच्या उसनवारीचा वाद कोर्टात गेला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने सॅमसंगला शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. त्यात यादी टोकाला पोचल्यावर ताणून मागे येण्याच्या पेटंटचाही समावेश होता.

महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाची तुलना मात्र वेगळ्या पायावर चाले. ग्रामीण भागात तेव्हा दिवसाला कित्येक तास लोडशेडिंग. अशा ठिकाणी बॅटरी काढता येणं ही चैन नव्हती. भरलेली जादा बॅटरी खिशात असली की दिवस निघे. दोन सिमकार्डं हवीत, कारण एका कंपनीची रेंज शेतात आणि दुसरीची गावात. ही गरज मोठ्या कंपन्यांनी ओळखायला उशीर केला आणि मायक्रोमॅक्स, कार्बन यांनी ती हेरली. २०१२ च्या अखेरीस आलेल्या मायक्रोमॅक्स कॅनव्हास टू ची किंमत ९,९९९ रुपये: पाच इंचांचा पडदा, दोन सिम, काढता येणारी बॅटरी. ठिपके विरळ, म्हणजे अक्षरांच्या कडा दातेरी. पण एवढ्या मोठ्या पडद्यासाठी सॅमसंगच्या गॅलेक्सी नोटला तीस हजारांच्या वर मोजावे लागत असताना हा फोन लोकांनी आनंदाने घेतला. त्याआधी, २०११ मध्ये, सात-आठ हजारांच्या गॅलेक्सी वाय ने अनेकांना पहिला अँड्रॉइड दाखवला होता. तीन इंचांचा भुरकट पडदा, आतली जागा दोनशे एमबीहूनही कमी, त्यामुळे चार ॲप घातली की पाचवं घालण्यासाठी एक काढायचं. तरी स्पर्श कपॅसिटिव्ह होता. नखाचा जमाना या किमतीतही संपला होता.

आणि मराठी? नोकियाच्या अगदी स्वस्त, बटणांच्या फोनांत मराठी मेनू मिळत असताना हजारो रुपयांच्या नव्या टचस्क्रीनवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीचा फॉन्टच नव्हता. काही फोनांवर अक्षरं आली तरी वेलांटी भलत्या बाजूला, जोडाक्षरं तुटलेली. त्यावर लोकांनी वापरलेली युक्ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असं इंग्रजीत लिहायचं. सेटिंगची एक लांब यादी उघडे. तिच्या तळाशी गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरायची का, असा प्रश्न असे. तिथे ‘येस’ निवडून सेव्ह करायचं. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं करून पाठवी आणि बातम्या नीट वाचता येत. डेटा जास्त लागे, मजकूर उचलता येत नसे, पण वाचता येई. हे सेटिंग एकाने दुसऱ्याला दाखवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी दिसू लागली आणि दिसण्यातल्या चुका पुढच्या आवृत्त्यांत निस्तरल्या गेल्या. आयफोनवर हिंदीचा कीबोर्ड २०११ मध्ये आला, मराठीचा स्वतंत्र कीबोर्ड २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीबरोबर. पहिला आयफोन बाजारात आल्याला तेव्हा सात वर्षं उलटली होती, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला होता.